थांबा मिस्त्रींचा चुना

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. माणसं शब्दांत उभी करणं हे मुरलेल्या लेखकांचं काम आहे, हे मला कळतं. मी आमच्या घरातला कॉलेजात पोहोचलेला पहिलाच. आमच्याकडे लिहिणं म्हणजे फार तर सही, किंवा लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालणं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते चांगले हयात आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांच्या बायकोला, कांताकाकूंना येतं. हे कुठे छापून आलंच तर काकू मोठ्यानं वाचतील आणि ते मध्येच हात वर करून म्हणतील, "थांब. हे असं नव्हतं झालं." त्या भीतीसकट लिहितो आहे.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना सगळे 'थांबा मिस्त्री' म्हणतात. त्यांचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं आहे. ते गिलाव्याचे मिस्त्री. विटांचं बांधकाम कोणीही करावं, भिंतीला अंगरखा घालायला यांनीच यावं, असा आसपासच्या गावांत रिवाज होता. आणि कामावर आले की त्यांचा पहिला शब्द ठरलेला असायचा. आमच्या शेजारच्या गजाननभाऊंचं नवं घर झालं तेव्हा मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. गजाननभाऊ पहाटेपासून दारात उभे.

"मिस्त्री, आज समोरची भीत झाली पाह्यजे. परवा पाहुने येऊन राह्यले."

"थांबा."

"आता काहून?"

"भीत तहानली हाय. पहिले तिले पानी पाजा. तहानलेल्या भितीवर पलस्तर मारलं तं ते पलस्तराचंच पानी पिऊन घेते. मंग पलस्तर वाळत नाई, मरते."

"अन् पाहुन्यायले काय सांगू?"

"त्यायलेई पानी पाजा."

त्या दिवशी गिलावा झाला नाही. गजाननभाऊ बादलीनं भिंतीला पाणी मारत राहिले आणि मिस्त्री समोरच्या कडुनिंबाखाली बसून त्यांना कोरडी राहिलेली जागा दाखवत राहिले.

जुन्या भिंतीजवळ गेले की ते बोटाच्या पेरानं तिच्यावर ठोकायचे आणि कान लावायचे. दवाखान्यात डॉक्टर पाठीवर ठोकून बघतात तसं. कुठे पोकळ वाजतं, कुठे गिलावा विटेपासून सुटला आहे, ते त्यांना आवाजावरून कळायचं. आमचा भाग काळ्या मातीचा. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचं घर तिच्यासोबत हलतं. म्हणून मिस्त्री भेगांच्या दोन जाती मानायचे. जाळीसारख्या बारीक भेगा गिलाव्याच्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून खाली उतरणारी भेग जमिनीची. "गिलाव्याची भेग मिस्त्रीचं पाप. जमिनीची भेग मी नाई बुजवत. तिले बुजवनं म्हनजे दुखन्यावर पावडर लावनं. पहिले पाया पाहा, मंग मले बोलवा." असं सांगून ते चालू लागायचे. अशी किती कामं त्यांनी सोडली असतील, कोण जाणे. काकू म्हणायच्या, "आमच्या घरून कामापक्षा नकारच जास्त जातात."

बी.ए. करत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी त्यांच्या हाताखाली माल कालवायला जात असे. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मिस्त्री ज्या भिंतीवर ऊन असेल तिला हात लावत नसत. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. आम्ही दिवसभर परांची उचलून सावलीबरोबर घराभोवती फिरायचो. एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, हीच परांची किती खेपा हलवायची?" तर म्हणाले, "पोट्ट्या, तू सावलीत उभा हायेस न? मंग तिलेई राहू दे सावलीत."

त्यांचं वेगळेपण म्हणजे चुना. आता सगळीकडे सिमेंट आणि रेती एवढंच चालतं. मिस्त्री त्यात चुना घालायचेच. एक घमेलं सिमेंट, एक घमेलं चुना, सहा घमेली रेती. तीही चाळलेली, पण पिठासारखी बारीक नाही. चुना वणीकडच्या भट्टीवरून यायचा, पांढऱ्या दगडासारखे खडे. ते पाण्यात टाकले की ड्रम खदखदायला लागायचा, वाफ निघायची. मग तो विझलेला चुना फडक्यातून गाळायचा आणि वर पाणी ठेवून कित्येक आठवडे तसाच मुरू द्यायचा, लोण्यासारखा होईपर्यंत. गावातली टवाळ मंडळी ड्रमाजवळून जाताना विचारायची, "काय मिस्त्री, आज कोनाले चुना लावून राह्यले?" मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "तुह्या घराची पाळी आली का सांगतो."

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं होतं. गिलावा ओढायची करणी थांबवून त्यांनी समजावलं. "सिमिट म्हनजे लय कडक मानूस. लवकर तापते, लवकर वाळते, अन् एकदा का आवळलं का मंग वाकत नाई, तडकते. चुना थंड. थो पानी धरून ठेवते, थोडासा हलते, सांभाळून घेते. दोघाचं लगन लावलं तं संसार टिकते." शेजारी चुना गाळत बसलेल्या कांताकाकू तोंडाला पदर लावून हसल्या. "अन् आपल्या घरात सिमिट कोन हाये, तेबी सांगा त्याले."

ही जोडी सतत एकत्र असायची. मिस्त्री परांचीवर, काकू खाली. माल त्या करायच्या, आणि ड्रममधला चुना वापरायचा की नाही तेही त्याच ठरवायच्या. अंगठा आणि तर्जनीमध्ये चुन्याचा गोळा चोळायच्या, डोळे किंचित मिटून. किंचितही खरखर लागली की पुन्हा फडक्यातून. मिस्त्री वरून ओरडायचे, "झालं का वं?" काकू उत्तरच द्यायच्या नाहीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत काकूंनी मला एक गंमत सांगितली. "आमचं लगन झालं तवा हे असे नव्हते. लय घाईचे. सकाळी पलस्तर, दुपारी पलस्तर, संध्याकाळी दुसऱ्या गावाले. मी खालून म्हनो, थांबा, अवो थांबा. आता सारं गाव त्यायलेच थांबा मिस्त्री म्हनते." मिस्त्री भाकरी खाता खाता म्हणाले, "शब्द तुहा, नाव माह्यं. तुले काय तरास?"

त्यांचं आणखी एक वाक्य माझ्या कामी आलं. गिलाव्याचे दोन थर द्यायचे. खालचा खरबरीत, त्यावर फणीसारख्या रेघा ओढायच्या, तो नीट बसू द्यायचा. मग वरचा पातळ थर. आणि "वरचा थर खालच्यापक्षा कडक करू नाई. वरचा जास्त कडक झाला का खालच्याले सोडून देते." मी यवतमाळला शिकायला गेलो तेव्हा वर्गात बोलताना 'मले', 'तुले' तोंडातून निघालं की मुलं हसायची. मी घाईघाईनं पुस्तकातली भाषा अंगावर चढवली, इतकी की सुट्टीत घरी आल्यावर आई म्हणाली, "तू आमच्याशी बातम्या सांगितल्यासारखा काहून बोलून राह्यला?" तेव्हा मला मिस्त्रींचा वरचा थर आठवला. हे लिहितानाही मी त्याची काळजी घेतो आहे; जमलं आहे की नाही, ते वाचणाऱ्यांनी सांगावं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. आमच्या वस्तीत विहाराचं नवं सभागृह बांधायचं ठरलं होतं. विटा वस्तीनं वाहिल्या, पाणी वस्तीनं भरलं. गिलावा मिस्त्रींनी आपल्याकडे घेतला. म्हणाले, "माह्या बापानं जुन्या विहाराच्या मातीच्या भिती लिंपल्या. हे काम माह्यंच हाय." बुद्ध पौर्णिमेला सभागृहात पहिली वंदना व्हायची होती. हिवाळ्यातच त्यांनी चुना भिजवून ठेवला. आतल्या भिंती झाल्या, बाजूच्या झाल्या. इतकं सुरेख काम मी दुसरीकडे पाहिलं नाही. हात फिरवला तर थंड, आणि उन्हात डोळ्यांना टोचणार नाही असा मऊ पांढुरका रंग. समोरची भिंत तेवढी राहिली, आणि मुरलेला चुना संपत आला. काकूंनी आणि त्यांनी मिळून नवा चुना विझवला.

दोन दिवसांनी काकू ड्रमाजवळच पडल्या. उजवं अंग गेलं. मिस्त्रींनी त्यांना यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. मी तिथंच खोली करून राहत होतो, म्हणून डबा घेऊन जायचो. काकूंना बोलता यायचं, पण सावकाश. उजवा हात पांघरुणावर पडलेला असायचा, जणू कोणी विसरून गेलेली वस्तू. त्या मला म्हणाल्या, "विहाराची समोरची भीत झाली का रे? पौर्निमेले मले तिथं बसाचं हाये." मिस्त्री खाटेच्या पायाशी उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंजवळ त्यांच्या बहिणीला बसवून ते गावी गेले.

त्यांनी समोरची भिंत एकट्यानं केली. चुना मुरला नव्हता. तो चोळून बघणारी बोटं दवाखान्यात होती. वस्तीतल्या एकदोघांनी विचारलंही, "मिस्त्री, इतक्या लवकर?" त्यावर मिस्त्री म्हणाले, "कांताले सांगाचं हाये, झाली म्हनून." पौर्णिमेला काकूंना जीपमधून आणलं. त्या खुर्चीवर बसल्या, भिंतीकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी ती भिंत इतकी गुळगुळीत होती की मेणबत्त्यांचा उजेड तिच्यावर घरंगळत होता.

काही आठवड्यांनी भिंतीला फोड यायला लागले. न विझलेला चुन्याचा कण आत असला की तो हवेतली ओल घेऊन हळूहळू फुगतो आणि वरचा गिलावा टिचकी मारल्यासारखा उडवून देतो. खाली छोटासा खळगा राहतो, आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. एक, मग दहा, मग मोजदाद सोडून द्यावी इतके. आमच्या वस्तीतले म्हातारे सदाशिवबाबा मनात काही न ठेवता बोलणारे. ते म्हणाले, "मिस्त्री, तुह्या भितीले तं देवी निंगाल्या रे." कोणी हसलं नाही.

मिस्त्री भिंतीजवळ गेले. खळग्यांतून बोट फिरवलं. मग घरी जाऊन करणी, रंधा, ओळंबा, सगळं धुतलं, पुसलं, आणि करणीच्या पात्याला तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलं. रोजच्या वापरातल्या हत्याराला कोणी तेल लावत नाही. बरेच दिवस लागणार नाही त्यालाच लावतात. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

लोकांनी चांगुलपणानं सुचवलं, की वरून पुट्टी भरून रंग मारू, काही दिसणार नाही. मिस्त्री म्हणाले, "झाकू नका. दुसरा मिस्त्री आना अन् काढून टाका. मी नाई म्हननार नाई." आणि तुम्ही, असं विचारलं तर म्हणाले, "कांताचा हात बरा झाला का मी करनी उचलतो. नाई तं नाई."

दुसरा मिस्त्री कोणी आणला नाही. तसं ठरवलं गेलं असंही नाही. बैठकीत विषय निघाला की कोणीतरी म्हणायचं, "पाहू पुढच्या महिन्यात," आणि पुढचा महिना यायचा. फोड आलेल्या भिंतीसमोरच मुलांचे अभ्यासवर्ग भरले, दोन लग्नं लागली. बाहेरगावच्या पाहुण्यांनी विचारलं तर वस्तीतल्या बाया सांगायच्या, "काम बाकी हाये." मला त्या उत्तराचा अभिमान वाटतो. काम बिघडलं आहे, असं एकीनंही म्हटलं नाही.

मिस्त्री मात्र ओट्यावर बसून राहायला लागले. काकूंना डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला होता. ते रोज त्यांच्या उजव्या हातात कणकेचा गोळा द्यायचे आणि समोर बसून पाहायचे. गोळा तसाच राहायचा. चालताना काकूंचा पाय ओढला जायचा, पण चालता यायला लागलं होतं. हात आला नाही. बाहेरगावाहून लोक काम घेऊन यायचे आणि चहा पिऊन परत जायचे.

मला अमरावतीला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा निघायच्या दिवशी गाडीआधी भेटायला गेलो. जयभीम केला. मिस्त्री म्हणाले, "जाजो. चांगला शिकजो." आणि पुन्हा कणकेच्या गोळ्याकडे पाहू लागले. काकूंनी तो गोळा डाव्या हातानं उचलला आणि परातीत आपटला.

"लकवा मले झाला का तुमाले?"

मिस्त्री दचकले.

"हात माहा गेला. तुमचे दोन्ही शाबूत हायेत न? मंग काहून बसले? वरीस होऊन गेलं, मी तुमचं तोंड पाहून राह्यली अन् तुमी माहा हात पाहून राह्यले. काय उजेड पडला?"

"तू नसली तं चुना कोन पाहीन?" मिस्त्री अगदी हळू म्हणाले. "माह्या हातानं पाहा, काय झालं ते."

"मी नसली म्हनजे? मी मेली का?"

मला तिथून उठावं की बसावं कळेना. काकूंचं माझ्याकडे लक्ष गेलं. म्हणाल्या, "तू जा बाबू, तुही गाडी चुकीन. आमचं चालूच राहीन." मिस्त्री मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात बराच वेळ काढला नाही.

वसतिगृहात मला करमत नसे. इथली भिंत हिरव्या ऑइलपेंटची. मी खाटेवर पडून तिच्यावरच्या जाळीसारख्या भेगा पाहायचो आणि ही जमिनीची नाही, हे मिस्त्रीचं पाप, असं मनात म्हणायचो. रविवारी आईचा फोन येई. मी दर वेळी विचारायचो, मिस्त्रीकाका? आई म्हणायची, "हायेत. बसून हायेत." दिवाळीच्या सुमारास एकदा म्हणाली, "विहारात काईतरी ठोकून राह्यले म्हनतात. काय करतात ते त्यायचं त्यायले मालूम." मला पुढचं विचारायचं होतं, पण तिचा फोन कटला. त्यानंतर परीक्षा आल्या, तिच्या मोबाइलचा रिचार्ज संपला, आणि बराच काळ मला काहीच कळलं नाही. अभ्यासाला बसलो की मनात तेच यायचं: ठोकत होते ते पाडायला की करायला?

गेल्या रविवारी आईचा फोन आला. आईची सांगायची पद्धत अशी, की महत्त्वाचं सगळ्यात शेवटी. जेवला का, हे झालं. शेळीला दोन पिल्लं झाली. तुरीला शेंगा चांगल्या लागल्या आहेत. गजाननभाऊंच्या मुलीला मुलगी झाली. मी हो हो म्हणत होतो.

"अन् हो," आई म्हणाली, "विहाराची समोरची भीत झाली. सारी खरडून नव्यानं केली. दोन महिने होऊन गेले, एक खड्डा नाई, एक भेग नाई. सदाशिवबाबा रोज जाऊन हात फिरवून पाह्यते."

"कोणी केली?"

"कोनी म्हनजे? मिस्त्रीनं! कांता खाली खुर्ची टाकून बसे. डाव्या हातानं चुना चोळे अन् त्याले वापस देऊन दे. तीन खेपा वापस देल्ला. मिस्त्री भांडे, ती अजून वापस दे."

मी म्हणालो, "मग काकांना फोन दे न. त्यांच्या घरी जा आणि दे."

"कोनाले देऊ? कुलूप हाये घराले."

"काय झालं?"

"काय होनार? झरी जामणीकडे आश्रमशाळेचं पलस्तर हाये, मोठं काम. काल सकाळच्या यष्टीनं गेले."

"मिस्त्री एकटेच?"

"एकटे कायले जातीन?" आई हसली. "मी होती न फाट्यावर. कांता पहिले चढली गाडीत, अन् मंग तिनंच वरून मिस्त्रीले हात देल्ला. डावा."